वाटेवरचा याचक

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. पुण्याहून कोल्हापुरास मोटारीनें जातांना त्यांच्या कुटुंबांत दर खेपेस एकच वाद होतो. गाडी चौकांत थांबते, कांचेवर कोणी टिचकी मारतो, यजमान ‘पुढें बघा’ म्हणतात, सासूबाई बटव्याची नाडी सोडूं लागतात, आणि मागच्या बैठकीवरचीं दोन मुलें आळीपाळीनें बापाच्या व आजीच्या तोंडाकडे पाहत राहतात. ‘अशा वेळीं द्यावें कीं न द्यावें, शास्त्र काय म्हणतें, तें आपण एकदां लिहावें,’ असा त्यांचा आग्रह आहे.

प्रश्न दिसावयास लहान, दहा रुपयांचा. पण त्या दोन मुलांच्या बाजूनें पाहिला म्हणजे तो दहा रुपयांचा राहत नाहीं. परक्या माणसाच्या दुःखाशीं आपण कसें वागावें, हा धडा मुलांना शाळेंत क्वचित् मिळतो. तो गाडीच्या मागच्या बैठकीवरच मिळतो, आणि देणाऱ्यास आपण धडा देत आहों ह्याची जाणीवहि नसते. म्हणून ह्या खेपेचें सदर त्याच प्रश्नास देतों.

आधीं शास्त्र. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद केले आहेत, हें आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परतफेडीची अपेक्षा न ठेवतां, योग्य स्थळीं, योग्य वेळीं, योग्य माणसास कर्तव्य म्हणून दिलेलें तें पहिलें. कांहीं फळ मिळावें म्हणून, किंवा मनांत कुरकुरत दिलेलें तें दुसरें. तिसऱ्याचें वर्णन करतांना आपण ‘अपात्रीं दिलेलें’ एवढेंच सांगून थांबतों, आणि त्या एका शब्दाच्या आधारावर पुष्कळ मंडळी आपल्या खिशाची राखण करितात. परंतु त्याच श्लोकांत अपात्राच्या जोडीस आणखी दोन गोष्टी बसविल्या आहेत: आदर न करतां दिलेलें आणि तुच्छतेनें दिलेलें. म्हणजे लबाडाच्या हातीं पडलेला रुपया, आणि कांच चार बोटें खालीं करून, तोंड दुसरीकडे फिरवून बाहेर टाकलेला रुपया, हे दोन्ही एकाच पंक्तीला जेवावयास बसतात. अपात्र कोण ह्याची चर्चा करणारांनीं उरलेले शब्दहि वाचावे.

पात्रापात्रविचारावर आपल्याकडे थोडें लिहिलेलें नाहीं. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि ह्यानें तेराव्या शतकांत ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा प्रचंड ग्रंथ रचिला. त्याचा ‘दानखंड’ हा एक स्वतंत्र भागच आहे. तथापि असल्या विवेचनांत एक गोष्ट सहसा गृहीत असते. ती ही कीं, देणारा घेणाऱ्यास ओळखतो, निदान ओळखून घेण्याची त्यास सवड आहे. चौकांतल्या तांबड्या दिव्यापाशीं ही सवड साठ-सत्तर सेकंदांची. तेवढ्यांत न्यायाधीशासहि साक्षीदाराची पारख होणार नाहीं; मग आपली काय कथा?

माझ्या नातवानें एकदां गाडींत विचारलें, ‘आजोबा, तो माणूस खोटें बोलत होता हें बाबांना कसें कळलें?’ त्याच्या बापानें आरशांतून माझ्याकडे पाहिलें. मीं सांगितलें, ‘कळलें नाहीं, बाळ. बाबांना द्यावयाचें नव्हतें, एवढेंच खरें.’ चिरंजीवांना तें फारसें रुचलें नाहीं. परंतु न देणें आणि समोरच्यास खोटा ठरविणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि मुलासमोर त्यांची गल्लत होऊं देणें मला बरें वाटलें नाहीं. न देण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. तो बजावण्यासाठीं दुसऱ्याच्या शिरावर लबाडीचा आरोप ठेवण्याची गरज नाहीं.

आपल्या वर्गानें तर हें विशेषच लक्षांत ठेवावें, कारण वाटेवरचा याचक आपणांस वाटतो तितका परका नाहीं. कांहीं पिढ्यांपूर्वीं आपल्याच घरांतलीं मुलें शिक्षणासाठीं शहरांत येत, माधुकरी मागत, वार लावून जेवत. त्यांतलींच पुढें वकील, मामलेदार, प्राध्यापक झालीं. त्याहून मागें गेलें तर पेणजवळच्या वरसई गांवचे विष्णुभट गोडसे आठवतात. घरच्या दारिद्र्यास उपाय म्हणून, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार व तेथें दक्षिणा मिळेल ह्या आशेनें, ते १८५७ सालीं काकांबरोबर उत्तरेच्या वाटेस लागले आणि बंडाच्या धामधुमींत सांपडले. मिळविलेलें द्रव्य वाटेंत लुटलें गेलें. त्यांचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक १९०७ सालीं छापलें गेलें, आणि आपण तें कौतुकानें वाचतों. पण क्षणभर असें कल्पावें कीं, अंगावर मळकें वस्त्र, जवळ दमडी नाहीं, आणि सांगावयास अशी कहाणी कीं ऐकणाऱ्याचा विश्वास बसूं नये, असा मनुष्य आज एखाद्या थांब्यावर आपल्या गाडीपाशीं आला. आपण त्यास काय म्हणूं? ‘हे सगळे असेंच सांगतात,’ हेंच ना?

ही झाली तत्त्वाची बाजू. आतां व्यवहार. येथें मी भाबडेपणाची शिफारस करणार नाहीं. वाटेवर लबाडी आहे, पुष्कळ आहे, आणि ती सज्जनांच्या संकोचावर जगते.

सर्वांत जुना प्रकार एस्. टी. स्थानकावरचा. कपडे नीटनेटके, बोलणें मर्यादेचें, बहुधा बरोबर एक स्त्री अथवा मूल. ‘काका, खिसा कापला गेला. बार्शीपर्यंत जायचें आहे. तिकिटापुरते पैसे द्या, गांवीं पोंचल्यावर पाठवून देतों.’ ह्यांत खरें किती व खोटें किती हें ठरवीत बसण्याचें कारणच नाहीं. तो तिकीट मागतो आहे. त्यास तिकीट द्यावें. ‘चला, गाडी कोणत्या फलाटावर लागते तें पाहूं, वाहकाकडून मी तिकीट काढून देतों,’ असें म्हणून उठावें. ज्यास खरोखर जावयाचें आहे त्याच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वाक्यासरशीं उतरतो, आणि ज्यास जावयाचें नाहीं त्यास एकाएकीं दुसरें काम आठवतें. माझ्या एका स्नेह्यांनीं हा नियम वर्षानुवर्षें पाळला आहे. ते सांगतात कीं, बरेच जण फलाटापर्यंत येतच नाहींत. गर्दींत नाहींसे होतात. पण एकदां सोलापूरच्या वाटेवरील एका स्थानकांत एक वृद्ध शेतकरी त्यांच्याबरोबर मुकाट्यानें आला, गाडींत बसला, आणि गाडी हालल्यावर खिडकींतून डोक्यावरची टोपी काढून त्यानें नमस्कार केला. ‘त्या एका टोपीसाठीं मी बाकीच्यांचें ऐकून घेतों,’ असें ते म्हणतात. फलाटापर्यंत जाण्यायेण्यांत दहा मिनिटें मोडतात हें खरें. ज्यास तीं दहा मिनिटें द्यावयाचीं नसतील त्यानें पैसेहि देऊं नयेत. नुसते पैसे देणें हा पुष्कळदां वेळ न देण्याचा सोपा मार्ग असतो.

ह्या कामीं प्रवाशास थोडी माहिती असावी. राज्य परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून २०२२ सालच्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरील नागरिकांना राज्यांत विनामूल्य प्रवासाची, व २०२३ सालच्या मार्चपासून स्त्रियांना अर्ध्या भाड्याची सवलत सुरू झाली. तेव्हां ऐंशी वर्षांचे गृहस्थ पूर्ण भाडें मागूं लागले तर आश्चर्य वाटणें साहजिक आहे. तथापि खिसा कापला गेला असेल तर त्यांत आधार कार्डहि गेलें असेल, आणि वयाच्या पुराव्याशिवाय ती सवलत मिळत नाहीं, हें विसरूं नये. अशा गृहस्थांना हात धरून वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीपाशीं न्यावें. एकट्या म्हाताऱ्याचें म्हणणें तेथें ऐकलें जातेंच असें नाहीं. बरोबर कोणी उभें राहिलें म्हणजे ऐकलें जातें.

दुसरा प्रकार हल्लींचा आहे, आणि त्यांत मागणारा याचक म्हणून येतच नाहीं. ‘काका, मला पांचशें रुपये रोख द्या, मी तुमच्या फोनवर आतांच पाठवितों.’ तो आपल्या फोनवर कांहीं तरी दाबतो आणि पैसे पोंचल्याची हिरवी खूण दाखवितो. ती खूण त्याच्या फोनवर आहे, आपल्या खात्यांत नाहीं. आणि तसें चित्र बनविणें फार सोपें आहे. आपलें खातें आपण स्वतः उघडून पाहिल्याशिवाय रोकड हातावेगळी करूं नये. तसेंच, पैसे घेण्यासाठीं पिन कधींहि दाबावा लागत नाहीं. पिन दाबला म्हणजे पैसे गेले. हें वाक्य घरांतील वडील मंडळींकडून पाढ्याप्रमाणें घोकून घ्यावें. कोणी ‘घरीं एक फोन करूं द्या’ म्हणाला, तर फोन त्याच्या हातीं न देतां क्रमांक आपण लावावा, स्पीकर चालू करावा आणि फोन आपल्याच हातांत धरावा. त्यानें सांगितलेला क्रमांक ताऱ्याच्या चिन्हानें सुरू होत असेल तर मुळींच लावूं नये. तशा क्रमांकानें आपल्याला येणारे फोन दुसरीकडे वळविले जाऊं शकतात. फसवणूक झालीच तर १९३० ह्या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

चौकांतल्या मुलांविषयीं माझें मत कठोर आहे. मुलाच्या हातावर पैसा ठेवूं नये. पुष्कळदां तो त्याच्याजवळ राहत नाहीं, आणि राहिला तरी उद्यां शाळेऐवजीं चौकांत उभें राहणेंच फायद्याचें ठरतें. मुलास भिकेस लावणें हा २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वयें पांच वर्षांपर्यंत कारावासाचा अपराध आहे, आणि भिकेसाठीं मूल पळविणें वा त्यास अपंग करणें ह्यास २०२३ च्या भारतीय न्याय संहितेंत त्याहून पुष्कळ कडक शिक्षा सांगितली आहे. एखादें मूल संकटांत दिसलें तर १०९८ वर फोन करावा व चौकाचें नांव नीट सांगावें. पण पैसा द्यावयाचा नाहीं म्हणून त्याच्याकडे पाहावयाचेंहि नाहीं, असें नव्हे. आमच्या गाडींत राजगिऱ्याचे लाडू व केळीं असतात. लाडू कागद सोडून हातांत द्यावा. बंद पुडा पुन्हां दुकानांत जाऊन विकला जातो असें ऐकिवांत आहे. सोललेलें केळें कोणी विकत नाहीं.

तृतीयपंथीयांच्या बाबतींत आपल्या घरांतून दोनच भावना दिसतात, भीति आणि थट्टा. दोन्ही सारख्याच लाजिरवाण्या. शाप लागेल म्हणून नोट काढणें हें दान नव्हे, ती खंडणी झाली. गीतेच्या दुसऱ्या प्रकारांत तरी ती बसते कीं नाहीं ह्याची मला शंका आहे. २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या स्वतंत्र ओळखीस मान्यता दिली, २०१९ सालीं त्यांच्या हक्कांचा कायदा झाला. परंतु भाड्यानें खोली किंवा नोकरी देण्याची वेळ आली म्हणजे सुशिक्षितांचीं दारें बंद होतात, आणि मग त्याच सुशिक्षितांच्या गाडीच्या कांचेवर टिचकी पडते. द्यावयाचे असतील तर हातांत द्यावे. नसतील तर हात जोडून ‘आज नाहीं, ताई’ म्हणावें. माझा अनुभव असा कीं, हात जोडलेल्या माणसाशीं सहसा कोणी हुज्जत घालीत नाहीं.

भीक मागणें हा गुन्हा आहे, मग देतां कशाला, असें विचारणारे कायदेपंडितहि प्रवासांत भेटतात. १९५९ सालचा मुंबईचा भिक्षाप्रतिबंधक कायदा त्यांच्या मनांत असतो. त्या कायद्यांतली भिकेची व्याख्या इतकी रुंद केलेली होती कीं, गाणें, नाचणें, भविष्य सांगणें ह्या मिषानें सार्वजनिक जागीं पैसे मागणें देखील तींत येई. म्हणजे मोरपिसांची टोपी घालून पहांटे येणारा वासुदेव, पिंगळा, नंदीबैलवाला हे सारेच गुन्हेगार ठरावयाचे! दिल्लीच्या उच्च न्यायालयानें २०१८ सालीं त्या कायद्यांतलीं मुख्य कलमें दिल्लीपुरतीं घटनाबाह्य ठरविलीं. गरिबीस गुन्हा ठरवितां येणार नाहीं, असाच त्या निर्णयाचा आशय आहे. कायदा कसाहि असो, तो मागणाऱ्यास लागू होतो. देणाऱ्यानें काय करावें हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

ह्याच्या अगदीं उलट प्रकार म्हणजे उत्सवाच्या दिवसांत रस्त्यावर आडवी दोरी धरून ‘वर्गणी’ मागणारी तरुण मंडळी. ह्यांच्यापाशीं पावती मागावी, नम्रतेनें पण स्पष्टपणें. अशी वर्गणी जमविण्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, आणि परवानगी असली तरी वाट अडवून मागण्याचा अधिकार कोणासहि मिळत नाहीं. मात्र गाडींत बायकामुलें असतील व वेळ रात्रीची असेल तर तेथें कायदा शिकवीत बसूं नये. पन्नास रुपये देऊन पुढें जावें आणि पुढल्या गांवीं ११२ वर कळवावें.

रात्रीच्या प्रवासाचे नियमच निराळे. निर्जन महामार्गावर कोणी हात दाखवून गाडी थांबवूं लागला तर थांबूं नये, कांच उतरवूं नये. ह्यास मी निर्दयपणा म्हणत नाहीं, कारण न थांबणें म्हणजे मदत न करणें नव्हे. रस्त्याकडेच्या दगडावरील किलोमीटरचा आंकडा ध्यानांत ठेवावा, आणि पुढें उजेडाच्या ठिकाणीं थांबून ११२ वर, किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर, फोन करावा. जो खरोखर संकटांत आहे त्यास आपल्या शंभर रुपयांपेक्षां त्या फोनचा उपयोग अधिक. अपघात डोळ्यांसमोर दिसत असेल तर मात्र १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी व ती येईतों थांबावें. ‘पोलिसांचें झेंगट मागें लागेल’ ही भीति आतां जुनी झाली. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें मदत करणाऱ्यास संरक्षण मिळालें आहे. त्याच्यावर स्वतःचें नांव सांगण्याची सक्तीहि करतां येत नाहीं.

हिंदींतले कथाकार सुदर्शन ह्यांची ‘हार की जीत’ ही गोष्ट पुष्कळांनीं शाळेंत वाचली असेल. बाबा भारतींच्या घोड्यावर डोळा असलेला डाकू वाटेंत अपंगाचें सोंग घेऊन बसतो. बाबांना दया येते, ते त्यास घोड्यावर बसवितात, आणि तो घोडा घेऊन जातो. बाबा घोडा परत मागत नाहींत. ते एवढीच विनवणी करितात कीं, ही हकीकत कोणास सांगूं नकोस, नाहीं तर लोक दीनदुबळ्यांवर विश्वास ठेवणार नाहींत. आपण नेमकें उलट करतों. एकदां शंभर रुपयांस फसलों कीं ती गोष्ट दहा घरीं, पांच लग्नांत आणि मुलांदेखत सांगतों. ती दर खेपेस वाढते, आणि ऐकणारा प्रत्येक जण पुढच्या एखाद्या खऱ्या गरजवंतासमोर कांच वर करून घेतो. फसवणुकीची रीत अवश्य सांगावी, म्हणजे दुसरा सावध होईल. पण ‘सगळे असेच’ हें शेपूट तिला जोडूं नये.

राहिला गाडींतला वाद. तो आमच्याकडे निघण्यापूर्वींच मिटवितात. सूनबाई एका लहान पिशवींत दहा-दहाच्या नोटा घालून ठेवितात. प्रवास केवढा त्यावर रक्कम ठरते. गाडी हांकणाऱ्यास ह्या विषयांत मत नाहीं, त्यानें रस्त्याकडे पाहावें. पिशवी खिडकीजवळच्या माणसाकडे असते. द्यावयाचें कीं हात जोडावयाचे तें तोच ठरवितो, आणि त्यानें ठरविलेल्यावर मागाहून कोणी टीका करीत नाहीं. पिशवी रिकामी झाली कीं उरलेल्या वाटेंत सर्वांनाच नमस्कार. पैशाच्या पिशवीवर नातवाची सत्ता अजून चालत नाहीं. लाडवांचा डबा मात्र त्याच्याकडे आहे. गेल्या खेपेस साताऱ्यापर्यंतच डबा रिकामा झाला. आजीनें हिशेब मागितला तेव्हां त्यानें चार मुलांना दिल्याचें सांगितलें, आणि बरेंच विचारल्यावर, दोन आपण खाल्ले, असेंहि सांगितलें.